फायटर माशाचे कल्ले

फेब्रुवारीच्या अखेरीस राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमासाठी मी पेठ तालुक्यातील एका शाळेत गेले होते. नाशिकहून निघून सावळ घाट आणि कोटंबी घाट मागे टाकले की दमणगंगेचे खोरे लागते. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळा लागला की विहिरी तळ दाखवू लागतात. शाळेच्या विज्ञानखोलीत खिडकीजवळ काचेची एक बरणी होती, आणि त्यात एक निळा फायटर मासा. कुणीतरी नाशिकच्या दुकानातून आणून शाळेला भेट दिलेला.

विज्ञान शिकवणारे सर म्हणाले, "मॅडम, हा मधूनच फार अस्वस्थ होतो. सारखा वर येतो, तोंड पाण्याबाहेर काढतो. मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा बरा. पाण्यात हवा कमी पडत असेल का?"

मी क्षणाचाही विचार न करता सांगितले, की हा मासा वरची हवा घेणाराच आहे, तो वर येणारच, काळजी नको. उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर होते. पण मागच्या बाकावरची आठवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "पण मॅडम, त्याचा एकाच बाजूचा कल्ला हलतोय. दुसरा मिटलेलाच आहे."

मी बरणीपाशी जाऊन पाहिले. ती म्हणत होती तसेच होते. तिला हे कसे दिसले असे विचारल्यावर ती म्हणाली, "बाजारात मासळी घेताना आई आधी कल्लाच उघडून बघते. मलाही सवय लागली."

त्या बरणीच्या निमित्ताने पुढे तीन महिने जे घडले ते सांगण्याजोगे आहे, कारण त्यात माझी एक चूकही आहे. पण त्याआधी कल्ला म्हणजे नेमके काय आणि फायटर माशाच्या बाबतीत तो ओळखायला अवघड का, हे पाहूया.

पाण्यातून हवा गाळण्याचे काम

हवेत श्वास घेणाऱ्या आपल्यासारख्या प्राण्यांना माशाच्या अडचणीची कल्पना सहज येत नाही. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात मात्र तो जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. पाणी गरम झाले की आणखी कमी. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड. म्हणजे मासा एखाद्या गरीब खाणीतून धातू काढावा तसा ऑक्सिजन काढत असतो. भरपूर माल उपसायचा आणि हाती थोडेसे लागायचे.

यासाठी कल्ल्यांची रचना पाहण्यासारखी आहे. बाजारातून रोहू, कटला किंवा चिलापी यांपैकी कोणत्याही ताज्या माशाचे डोके आणावे. गालावरचे हाडांचे झाकण कात्रीने कापले की आत चार कमानी दिसतात. प्रत्येक कमानीवर लाल तंतूंच्या दोन रांगा, कंगव्याच्या दातांसारख्या. एक तंतू चिमट्याने तोडून बशीतल्या पाण्यात ठेवा आणि भिंगातून पाहा. त्याच्या दोन्ही अंगांना अतिशय पातळ पापुद्रे उभे दिसतील. भिंग लहान असेल तर सूक्ष्मदर्शकाचे सर्वांत कमी शक्तीचे भिंग लावावे. या पापुद्र्यांत रक्त आणि बाहेरचे पाणी यांच्यामध्ये जो पडदा असतो तो मिलिमीटरच्या काही हजारांशाहून जाड नसतो.

आता तोच तंतू पाण्याबाहेर काढा. पापुद्रे एकमेकांना चिकटून त्याची एकच वात होते. रंगकामाचा ब्रश पाण्यात बुडवला की केस सुटे होतात आणि बाहेर काढला की एकत्र चिकटतात, तसेच. पाण्यापेक्षा हवेत कितीतरी जास्त ऑक्सिजन असूनही बाहेर काढलेला मासा गुदमरतो तो यामुळे. मुलांना तोंडी सांगण्यापेक्षा ब्रश दाखवावा, ती विसरत नाहीत.

मासा तोंडाने पाणी घेतो आणि कल्ल्यांवरून पुढे ढकलून झाकणाच्या फटीतून बाहेर सोडतो. पापुद्र्यांमधले रक्त नेमके या पाण्याच्या उलट दिशेने वाहते. दोन्ही एकाच दिशेने वाहिली असती तर पाण्यातला आणि रक्तातला ऑक्सिजन अर्ध्यावर येऊन समान झाला असता आणि देवाणघेवाण थांबली असती. उलट दिशेमुळे प्रत्येक ठिकाणी रक्तापेक्षा पाण्यात ऑक्सिजन थोडा जास्तच राहतो आणि काही मासे पाण्यातला ८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतात. कागदाच्या दोन पट्ट्यांवर आकडे लिहून त्या एकमेकींवरून सरकवल्या तर नववी-दहावीची मुले हे स्वतः पडताळू शकतात.

गालातला भूलभुलैया

आता आपल्या निळ्या माशाकडे येऊ. दुकानात फायटर किंवा बेट्टा या नावाने विकला जाणारा हा मासा मूळचा थायलंडचा. तेथील भातखाचरे, दलदली, संथ ओढे हे त्याचे घर. त्याचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स, ते चार्ल्स टेट रेगन यांनी १९१० साली दिले. २०१९ साली थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले.

उष्ण प्रदेशातल्या उथळ, कुजक्या पाण्यात ऑक्सिजन फार कमी असतो. तेथे टिकायचे तर पाण्यावरच अवलंबून राहून भागत नाही. म्हणून या कुळातील माशांच्या पहिल्या कल्ल्याच्या कमानीचा वरचा भाग एका पोकळीत घड्या घालून वाढलेला असतो. या घड्यांना आतून पातळ हाडाचा आधार असतो आणि वर रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा. मघाच्या ओल्या ब्रशाप्रमाणे त्या हवेत मिटत नाहीत. या अवयवाला लॅबिरिंथ, म्हणजे भूलभुलैया असे नाव आहे. मासा पृष्ठभागावर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि तो या पोकळीत साठवतो. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना हा अवयव नसतो. तो काही आठवड्यांत तयार होतो.

हवा घेणारे मासे आपल्याला परके नाहीत. मरळ, मागूर हे आपल्या नद्या-तळ्यांतले मासेही तसेच, फक्त त्यांचे अवयव वेगळ्या घडणीचे. मागुराच्या कल्ल्यांवर तर छोट्या झाडासारख्या फांद्या असतात. ओल्या टोपलीत मरळ तासन् तास जिवंत राहते हे मासळी विकणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. भारतातील अशा माशांवर भागलपूरचे प्राध्यापक जे. एस. दत्ता मुन्शी यांनी आयुष्यभर काम केले. ब्रिस्टलचे जी. एम. ह्यूज यांच्यासह त्यांनी लिहिलेला या विषयावरचा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला.

येथेच गोंधळाचे मूळ आहे. सामान्य मासा पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकू लागला की त्याला श्वासाचा त्रास आहे हे लगेच कळते. फायटरला तर वर येण्याची सवयच असते, म्हणून त्याच्याबाबत ही खूण निकामी ठरते. कल्ले बिघडले की तो जास्त हवा घेऊन वेळ मारून नेतो, आणि पाहणाऱ्याला वाटते सगळे ठीक आहे. माझेही असेच झाले.

हवा मिळते, मग मासा मरतो कसा?

वरून हवा मिळत असेल तर कल्ले बिघडल्याने बिघडते काय, असा प्रश्न शाळेत एका मुलाने विचारला. प्रश्न नेमका होता. याचे उत्तर असे की कल्ला हे केवळ श्वासाचे इंद्रिय नाही.

अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ होमर स्मिथ यांनी १९२९ साली एक साधा पण कल्पक प्रयोग प्रसिद्ध केला. माशाचे डोके एका कप्प्यात आणि बाकीचे शरीर दुसऱ्या कप्प्यात राहील, दोन्हींमधले पाणी मिसळणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी केली आणि दोन्ही कप्प्यांतील पाण्यात शरीराबाहेर टाकलेला नायट्रोजन मोजला. डोक्याकडच्या पाण्यात तो कित्येक पट जास्त निघाला. आपण जे मूत्रपिंडातून बाहेर टाकतो ते मासा बहुतांशी कल्ल्यांतून टाकतो, आणि तेही अमोनियाच्या रूपात.

गोड्या पाण्यातल्या माशाला आणखी एक काम करावे लागते. त्याच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत आत झिरपते आणि क्षार बाहेर निसटतात. निसटलेले क्षार पाण्यातून ओढून परत घेण्याचे काम कल्ल्यांतल्या विशिष्ट पेशी करतात. ऑगस्ट क्रोग या डॅनिश शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात हे दाखवून दिले. तिसरी गोष्ट कार्बन डायऑक्साइडची. हवा घेणारे मासे ऑक्सिजन वरच्या हवेतून घेतात, पण त्यांचा कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात कल्ल्यांतून आणि त्वचेतून पाण्यातच जातो.

म्हणजे भूलभुलैया ऑक्सिजनची उणीव भरून काढतो, बाकी कामे नाही. याचा पुरावा पेठच्या मुलांना ओळखीचा वाटेल असा आहे. मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर जी पेंड उरते तिच्यात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात, ती पाण्यात साबणासारखा फेस करतात. मत्स्यशेतीच्या तळ्यात रोहू-कटल्याचे बीज सोडण्यापूर्वी आधीचे शिकारी मासे मारण्यासाठी ही पेंड टाकतात. एक मीटर खोल पाण्याच्या एका हेक्टर तळ्याला २,००० ते २,५०० किलो, म्हणजे लिटरमागे २०० ते २५० मिलिग्रॅम. सॅपोनिन कल्ल्यांतून रक्तात शिरते आणि तांबड्या पेशी फोडते. या उपायाने ज्यांना हटवायचे असते त्या माशांत मरळ आणि मागूर हेही असतात, हवा घेणारे मासे! वर हवा मोकळी असताना ते मरतात. सह्याद्रीच्या आदिवासी पट्ट्यात गेळाची फळे किंवा कुंभ्याची साल ठेचून डोहात टाकण्याची जुनी रीत आहे, तीतही मासा गुंगतो तो कल्ल्यांच्या वाटेने. असे मासे माणसांनी खाल्ले तर बाधत नाहीत, कारण आपल्या आतड्यातून सॅपोनिन फारसे शोषले जात नाही. माशाचे मात्र रक्तच पाण्याला टेकलेले असते. पडदा जितका पातळ, तितका तो विषालाही उघडा.

काय पाहावे

मग फायटरच्या कल्ल्यांची तक्रार ओळखायची कशी? सर्वांत भरवशाची खूण म्हणजे झाकणांची उघडझाप, आणि ती मोजावी लागते. नुसत्या नजरेवर विसंबू नये. मासा स्वस्थ असताना, खाणे देण्यापूर्वी, रोज साधारण एकाच वेळी १५ सेकंदांतली उघडझाप मोजून चाराने गुणावी. तीन वेळा मोजून सरासरी काढावी. सोबत पाण्याचे तापमान लिहावे, कारण पाणी तापले की आकडा वाढतो आणि गारठले की उतरतो. नाशिककडच्या थंडीत बरणीतला मासा शांत दिसतो तो निरोगी असतो म्हणून असेलच असे नाही. निरोगी माशाचा आकडा किती असावा असे शिक्षक विचारतात. मी आकडा सांगत नाही. प्रत्येक माशाचा, प्रत्येक बरणीचा आपला आकडा असतो. तो आधी आठ-दहा दिवस नोंदवून ठेवला तरच पुढे वाढला की घटला ते कळते. डॉक्टर ताप मोजतात तेव्हा त्यांना माणसाचे नेहमीचे तापमान माहीत असते, माशाचे आपण माहीत करून घ्यायचे.

याच नोंदीत पाच मिनिटांत मासा किती वेळा हवा घ्यायला वर आला हेही लिहावे. वर येणे नेहमीचेच असले तरी ते दुपटी-तिपटीने वाढणे नेहमीचे नसते.

दुसरी खूण त्या मुलीने पाहिली ती. दोन्ही झाकणे सारखी हलली पाहिजेत. एक मिटून राहत असेल तर त्या बाजूला इजा, सूज किंवा परजीवी असण्याचा संभव असतो. दोन्ही झाकणे सतत अर्धवट उघडी राहणे हेही वाईट, तंतू सुजले की झाकण पुरते मिटत नाही.

येथे फायटरच्या दोन सवयी नवख्याला फसवतात. एक म्हणजे दुसरा नर किंवा आरशातले स्वतःचे प्रतिबिंब दिसले की नर दोन्ही झाकणे छत्रीसारखी पसरतो. हा आजार नव्हे, धमकी. दुसरी म्हणजे त्या वेळी झाकणाखालून एक गडद पडदा दाढीसारखा बाहेर येतो. तो कल्ला बाहेर आला असे समजून घाबरलेल्या पालकांचे फोन मला आलेले आहेत. पण याच सवयीचा उपयोगही होतो. बरणीजवळ लहान आरसा दहा-पंधरा सेकंद धरावा. झाकणे पसरली की आतल्या कल्ल्यांचा रंग माशाला हात न लावता पाहता येतो. आरसा फार वेळ धरू नये, मासा दमतो.

रंग चांगला लाल असावा. फिकट गुलाबी कल्ले रक्त कमी झाल्याचे सुचवतात. चॉकलेटी रंग दिसला तर पाण्यात नायट्राइट वाढल्याची शंका घ्यावी. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि मग ते ऑक्सिजन वाहू शकत नाही. मग तो ऑक्सिजन कल्ल्यांतून आलेला असो की वरच्या हवेतून. करडा, बुळबुळीत थर दिसला तर कल्ल्याने चिडून चिकट द्रव सोडला आहे असे समजावे. पांढरट-पिवळट ठिपके आणि कुरतडलेल्या कडा जिवाणूंच्या संसर्गात दिसतात, आणि तो फार वेगाने पसरतो.

मेलेल्या माशाच्या कल्ल्यांचा रंग मात्र पुरावा म्हणून धरू नये. मेल्यानंतर थोड्याच वेळात तो फिका, मग तपकिरी होतो. बाजारात कल्ला उघडून ताजेपणा ओळखता येतो तो याच कारणाने. सकाळी मेलेला सापडलेला मासा रात्री कशाने गेला ते त्याचे कल्ले सांगत नाहीत.

बाकीच्या खुणा पूरक आहेत. मासा खड्यांवर, काचेवर अंग घासतो, पर मिटून एका कोपऱ्यात राहतो, रंग उतरतो, खाणे सोडतो. अंधाऱ्या खोलीत बाजूने टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकला आणि अंगावर सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखे दिसले तर तो पिसिनूडिनियम या एकपेशीय परजीवीचा प्रताप असतो. फायटरमध्ये तो बराच आढळतो आणि अंगावर दिसण्याआधी कल्ल्यांत ठाण मांडतो. डॅक्टिलोगायरस नावाचे चपटे कृमीही कल्ल्यांना आकड्यांनी चिकटून राहतात. ते सहसा एक मिलिमीटरहूनही लहान असल्याने नुसत्या डोळ्यांना सापडत नाहीत. नुकत्याच मेलेल्या माशाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर वळवळताना दिसतात.

आधी पाणी

एवढी नावे वाचून औषधाच्या दुकानाकडे धाव घेण्याचा मोह होतो. दुकानदार एक निळी बाटली देतो, पाणी निळे होते आणि काहीतरी केल्याचे समाधान मिळते. माझा अनुभव असा की बरणीतल्या माशांच्या कल्ल्यांचे बिघाड बहुतेक वेळा रोगामुळे नसतात, पाण्यामुळे असतात. निदान सुरुवात तेथून करावी.

पहिला संशयित अमोनिया. तो माशाच्या कल्ल्यांतूनच बाहेर पडतो आणि उरलेल्या खाण्यातूनही तयार होतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात. एक निरुपद्रवी म्हणता येईल असे, दुसरे जहाल. किती भाग जहाल असेल ते पाण्याच्या सामूवर अवलंबून असते. २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग जहाल असतो. सामू ८ झाला तर ५ टक्के आणि ९ झाला तर ३५ टक्क्यांच्या वर. मोठ्या, जुन्या टाकीत अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वसलेले असतात. छोट्या बरणीत, दर वेळी सगळे पाणी फेकून घासून धुतलेल्या, त्यांना वसायला वेळच मिळत नाही.

शाळेतल्या बरणीत तीन लिटरही पाणी नव्हते. मुले दिवसातून चार वेळा खाणे टाकत. सामूच्या कागदाने ८च्या आसपास आकडा दाखवला. मी लगेच निष्कर्ष काढला, की अमोनिया. पाणी दर सोमवारी बदलत होते, ते सोमवारी आणि गुरुवारी बदलायला सांगितले, खाणे कमी करायला सांगितले आणि त्या मुलीवर उघडझाप मोजून वहीत लिहिण्याचे काम सोपवून परतले.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. मासा आणखी वाईट होता. त्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. पाहिल्यावर मला माझी चूक समजायला दोन मिनिटे लागली नाहीत. रविवारी ७२, सोमवारी दुपारी १२०च्या पुढे, बुधवारी उतरून ८०, गुरुवारी पुन्हा उसळी. अमोनियाचा त्रास असता तर आकडा पाणी जुने होत जाईल तसा वाढत गेला असता आणि ताज्या पाण्यात उतरला असता. येथे नेमके उलटे होते. ताजे पाणीच माशाला भाजत होते, आणि मी ते आठवड्यातून दोनदा करायला लावले होते.

गावच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. माणसांसाठी ते आवश्यकच आहे, विशेषतः विहीर तळाला गेली आणि टँकरचे पाणी तिच्यात पडू लागले की. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा असे भारतीय मानक सांगते. आपल्या पोटाला तो काही करत नाही. कल्ल्याच्या पातळ पडद्याला मात्र याहूनही कमी क्लोरीन सतत लागला तर इजा होते. पेशी जळतात, चिकट द्रव सुटतो, तंतू सुजतात. उघड्या भांड्यात क्लोरीन हळूहळू उडून जातो, म्हणून दोन-तीन दिवसांनी मासा सावरत असे.

सरांनी आरोग्य सेवकांकडून ओटी चाचणीची बाटली मागून आणली. नळाच्या पाण्यात थेंब टाकताच पिवळा रंग आला. बरणीतल्या तीन दिवसांच्या पाण्यात आला नाही. ही चाचणी शिक्षकांनीच करावी, ते द्रावण मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

उपाय फुकटचा होता. रुंद तोंडाच्या घमेल्यात पाणी भरून चोवीस तास उघड्यावर ठेवायचे आणि मगच वापरायचे. घाईच्या वेळी शाळेच्या प्रयोगशाळेतला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा मुगाच्या दाण्याएवढा खडा साधारण १० लिटर नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला पुरतो. सगळे पाणी एकदम न बदलता चौथा हिस्सा बदलायचा, तोही त्याच तापमानाचा. मासा बरणीतून काढून प्लास्टिकच्या वीस लिटरच्या टबात हलवला, कारण अमोनियाचा माझा संशय या वेळी चुकला असला तरी तीन लिटरच्या बरणीत तो आज ना उद्या खरा ठरलाच असता. टब अर्ध्याहून थोडा जास्त भरला, वर जाळी टाकली आणि जाळी व पाणी यांच्यात मोकळी हवा ठेवली. फायटरला झाकणापर्यंत भरलेल्या भांड्यात ठेवले तर तो बुडून मरू शकतो, हे माशाबद्दल बोलताना विचित्र वाटले तरी खरे आहे. सुरुवातीचे काही दिवस लिटरमागे एक ग्रॅम खडे मीठ घातले. त्याने क्षार सांभाळण्याचे कल्ल्यांचे ओझे हलके होते आणि नायट्राइट असेल तर तेही रक्तात कमी शिरते.

एप्रिलच्या मध्यापर्यंत आकडा ७०च्या घरात स्थिरावला. डाव्या बाजूचे झाकण मात्र पुरते हलू लागले नाही. आतले काही तंतू कायमचे गेले असावेत. आरसा दाखवला की मासा उजवी बाजू पूर्ण पसरतो आणि डावी अर्धीच.

मेच्या सुट्टीत टब कोणाकडे ठेवायचा हा प्रश्न आला तेव्हा तो त्या मुलीच्या घरी गेला. जूनमध्ये सरांनी वहीची पुढची पाने पाठवली. तिने एक नवा रकाना आखला होता: 'टँकर आला / नाही आला'. टँकर आलेल्या दिवशी तिने टबात पाणी घातलेले नव्हते, दुसऱ्या दिवशी घातले होते. शेवटच्या पानावर ७ जूनची नोंद होती. पहिला पाऊस, पाणी गढूळ, आज बदलले नाही, उघडझाप ७४.